‘अटेस्ट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, वापर आणि अरबी भाषांतर

बडोद्यातल्या मराठी घरांत ‘कागद अटेस्ट करून आण’ हे वाक्य ऐकल्यावर कोणालाही कोश उघडावा लागत नाही. मूळ कागदाची झेरॉक्स काढायची, ती मूळ कागदासह एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ठेवायची, त्याने दोन्ही पडताळून सही करायची आणि ‘खरी नकल’ असा गुजराती शिक्का उमटवायचा, एवढा सगळा व्यवहार त्या एका शब्दात सामावलेला असतो. (मराठी कानाला ‘खरी नकल’ हे शब्द गमतीचे वाटतात, कोर्टातून नक्कल काढण्याची सवय असलेल्यांनाही क्षणभर हसू येते. आपला शब्द ‘सत्यप्रत’.) अडचण येते ती हा शब्द स्वतःच्या इंग्रजी पत्रात लिहिण्याची वेळ आली की, आणि त्याहून अधिक येते ती आखातातल्या नोकरीसाठी तेच पत्र अरबीत न्यावे लागले की. मी अशा कागदांची भाषांतरे करतो. माझ्यापुढे येणाऱ्या इंग्रजी पत्रांत सर्वांत जास्त चुकीचा वापरलेला शब्द कोणता, असे विचारले तर मी याच क्रियापदाचे नाव घेईन.

अर्थ नीट धरायचा असेल तर व्यवहारात तीन माणसे असतात हे आधी लक्षात घ्यावे. एक माणूस काहीतरी करतो, म्हणजे सही करतो, पैसे देतो किंवा एखाद्या कारखान्यात सहा वर्षे काम करतो. दुसऱ्याने ते पाहिलेले असते किंवा त्याला ते प्रत्यक्ष ठाऊक असते. तिसऱ्याने ते पाहिलेले नसते, पण त्याची खात्री पटणे आवश्यक असते. ‘अटेस्ट’ ही या तिघांपैकी दुसऱ्याची क्रिया आहे. लॅटिनमध्ये ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. त्यावरून ‘अट्टेस्टारी’, म्हणजे एखाद्या गोष्टीला साक्ष देणे, आणि तिथून हे इंग्रजी क्रियापद आले. न्यायालयात साक्ष देण्यासाठी असलेले ‘टेस्टिफाय’, मृत्युपत्रासाठी असलेले ‘टेस्टमेंट’, शिफारसपत्रासाठी असलेले ‘टेस्टिमोनियल’, इतकेच काय, निषेधाचे ‘प्रोटेस्ट’सुद्धा त्याच कुळातले आहे. आपल्याकडे पाणिनीने ‘साक्षी’ या शब्दाची फोड ‘साक्षात् पाहणारा’ अशी केली. म्हणजे मराठीतला ‘साक्षांकित’ हा सरकारी शब्द कितीही रूक्ष वाटला, तरी त्याच्या पोटात डोळा आहे, आणि तोच या इंग्रजी क्रियापदाचा खरा अर्थ आहे.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना गुजराती दस्तऐवजाच्या शेवटच्या पानावर दिसतो. बडोद्यात ज्यांनी घराचा दस्त केला आहे त्यांनी ते पान पाहिलेले असते. एका बाजूला ‘अत्र मतु’ असे लिहिलेले असते आणि त्याखाली दस्त करून देणारा सही करतो. दुसऱ्या बाजूला ‘अत्र साख’ असे असते आणि त्याखाली साक्षीदार सह्या करतात. ‘मतु’ म्हणजे संमती आणि ‘साख’ म्हणजे साक्ष. पहिल्या बाजूच्या सहीला इंग्रजीत ‘एक्झिक्यूट’ करणे म्हणतात आणि दुसऱ्या बाजूच्या सहीला ‘अटेस्ट’ करणे म्हणतात. या दोन रकान्यांत ज्याला फरक कळला त्याला हे क्रियापद कळले, असे समजायला हरकत नाही.

कायद्यानेही हा फरक काटेकोरपणे आखून दिला आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 3 नुसार दस्त साक्षांकित झाला असे म्हणण्यासाठी किमान दोन साक्षीदार लागतात. करून देणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना त्या प्रत्येकाने पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझीच’ अशी कबुली त्याच्याकडून व्यक्तिशः ऐकलेली असावी, आणि मग त्या साक्षीदाराने त्याच्यासमोरच स्वतःची सही केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत अशी मात्र अट नाही. मृत्युपत्राबाबत 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 मध्ये जवळपास हीच रीत सांगितली आहे. तो कागद पुढे न्यायालयात आला तर साक्षीदार हयात असेपर्यंत त्यांच्यापैकी किमान एकाला बोलवावे लागते. ही तरतूद आधी 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 68 मध्ये होती, आणि 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 67 मध्ये आली आहे.

यातून भाषेच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते. मृत्युपत्रावर सही करणाऱ्या शेजाऱ्याला आतला मजकूर माहीत असण्याची गरज नसते. तो फक्त ‘यांनी माझ्यासमोर सही केली’ एवढेच सांगत असतो. दागिने कोणत्या मुलीला मिळाले याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून ‘अटेस्ट’ केलेल्या कागदातला मजकूर खरा असलाच पाहिजे असे मानणे चूक आहे. परराष्ट्र मंत्रालय कागदांवर शिक्का मारते तेव्हादेखील ते आधीच्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का मान्य करते, मजकुराची जबाबदारी घेत नाही.

आता वाक्यरचनेकडे वळू. या क्रियापदाच्या तीन चाली आहेत. पहिल्या चालीत त्याला थेट कर्म लागते, आणि ते कर्म बहुधा सही, प्रत किंवा दस्त असते: ‘द ऑफिसर अटेस्टेड द कॉपी’, अधिकाऱ्याने प्रत साक्षांकित केली. ही कचेरीतली चाल आहे आणि आपल्याकडे हीच सर्वांना येते. दुसऱ्या चालीत मागे ‘दॅट’ लावून पूर्ण वाक्य जोडले जाते: ‘आय अटेस्ट दॅट ही साइन्ड इन माय प्रेझेन्स’, त्यांनी माझ्यासमक्ष सही केली असे मी साक्षपूर्वक लिहून देतो. तिसऱ्या चालीत ‘टू’ हे अव्यय येते, आणि तिथे गुण, स्थिती किंवा वस्तुस्थिती यांची साक्ष दिली जाते: ‘आय कॅन अटेस्ट टू हर ऑनेस्टी’, तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष मी देऊ शकतो. कागदाच्या आधी ‘टू’ लावू नये आणि प्रामाणिकपणाच्या आधी ते विसरू नये, एवढे जरी पाळले तरी पत्र वाचणारा अडखळत नाही.

तिसऱ्या चालीतला कर्ता निर्जीवही चालतो, आणि हे क्रियापद खरे शोभते ते तिथेच. ‘सूरसागर तलावाभोवतीच्या जुन्या इमारती गायकवाडी राज्याच्या सुबत्तेची साक्ष देतात’ हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘अटेस्ट टू’ अगदी चपखल बसते. मराठीतही आपण इमारतींना साक्ष द्यायला लावतोच, त्यामुळे येथे ओढाताण करावी लागत नाही.

मराठी माणसाकडून होणारी खास चूक दुसरीकडे आहे, आणि ती ‘ग्वाही’ या शब्दामुळे होते. ‘ग्वाही’ फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ साक्ष हाच आहे; पण वर्तमानपत्रांनी त्याला भविष्यकाळात नेऊन बसवले. ‘रस्ता दिवाळीपूर्वी पूर्ण होईल, अशी ग्वाही मंत्र्यांनी दिली’ हे वाक्य आपण नेहमी वाचतो. तिथे मंत्र्यांनी काही पाहिलेले नसते, त्यांनी आश्वासन दिलेले असते. कोशात ‘ग्वाही म्हणजे अटेस्ट’ असे पाहून कोणी हे वाक्य इंग्रजीत तसेच उतरवले तर ते हास्यास्पद होते, कारण न झालेल्या रस्त्याची साक्ष कोणीच देऊ शकत नाही. झाले आहे किंवा आहे, त्यालाच ‘अटेस्ट’ लागते. होणार आहे त्याला ‘अॅश्युअर’.

शेजारच्या शब्दांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘सर्टिफाय’ करणारा अधिकाराने बोलतो, त्याने पाहिलेले असो वा नसो, म्हणून दाखल्याची सुरुवात ‘धिस इज टू सर्टिफाय’ अशी होते. ‘व्हेरिफाय’ म्हणजे पडताळणे. ते ‘अटेस्ट’च्या आधी घडते. ‘नोटराइझ’ फक्त नोटरी करतो. ‘अटॅच’ हा तर केवळ जोडण्याचा शब्द आहे, पण ‘प्लीज फाइंड अटेस्टेड फाइल’ असे लिहिलेली पत्रे माझ्या हातात आली आहेत, आणि त्यांत जोडलेल्या फाइलवर कोणाचीही सही नव्हती. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘टेस्ट’वर द्यावा आणि पहिला ‘अ’ ओझरता ठेवावा. गुजराती वळणाचा ‘एटेस्ट’ बडोद्यात खपतो, मुलाखतीत टाळलेला बरा.

अरबी भाषांतर

येथे आधी मनाची एक तयारी करावी लागते. इंग्रजीने एका क्रियापदात बांधलेल्या दोन गोष्टी अरबीने वेगळ्या ठेवल्या आहेत. डोळ्याने पाहिलेल्याची साक्ष देण्यासाठी ‘शहिद’ हे क्रियापद आहे, आणि शिक्का मारून कागद ग्राह्य ठरवण्यासाठी ‘सद्दक’. त्यामुळे इंग्रजी वाक्य समोर आले की पहिला प्रश्न असा विचारावा की येथे डोळा बोलतो आहे की शिक्का.

‘शहिद’ म्हणजे त्याने साक्ष दिली. वर्तमानकाळी ‘यश्हदु’ म्हणजे तो साक्ष देतो, ‘अश्हदु’ म्हणजे मी देतो, ‘नश्हदु’ म्हणजे आम्ही देतो. इस्लामच्या कलम्याचा आरंभ ‘अश्हदु’नेच होतो, म्हणून हे रूप अनेकांच्या कानावरून गेलेले असते. साक्षीदाराला ‘शाहिद’ म्हणतात. ‘शहादा’ म्हणजे साक्षही आणि प्रमाणपत्रही. जन्मदाखल्याला ‘शहादत अल-मीलाद’ म्हणतात आणि पदवीच्या प्रमाणपत्रालाही ‘शहादा’च म्हणतात. आपण हुतात्म्यासाठी वापरतो तो ‘शहीद’ याच धातूचा. अरबी वैयाकरण एखादा शब्दप्रयोग सिद्ध करण्यासाठी जुन्या कवितेतली जी ओळ पुढे ठेवतात तिलाही ‘शाहिद’ म्हणतात, अनेकवचनी ‘शवाहिद’. भाषाशास्त्रज्ञ इंग्रजीत ‘हे रूप अमुक शतकापासून अटेस्टेड आहे’ असे लिहितात, तिथे नेमकी हीच कल्पना आहे. दोन दूरच्या भाषांनी जुन्या ओळीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे, हे मला फार आवडते.

या क्रियापदाचा खरा काटा त्याच्या अव्ययांत आहे. ‘बि’ लावले की ‘अमुक गोष्टीची’ साक्ष होते. माणसाच्या आधी ‘लि’ लावले की त्याच्या बाजूने साक्ष होते. ‘अला’ मात्र दुधारी आहे. ते वस्तूच्या किंवा करारनाम्याच्या आधी आले तर त्या गोष्टीची साक्ष असा सरळ अर्थ होतो आणि इमारतींनी सुबत्तेची साक्ष दिली हे वाक्यही त्यानेच होते. पण तेच माणसाच्या आधी आले तर त्याच्या विरुद्ध साक्ष. सुरुवातीच्या दिवसांत मी एका फिटरच्या अनुभवपत्रात इंग्रजीतल्या ‘टू’चा अर्थ ‘अला’ असा घेऊन त्याचे नाव थेट त्यापुढे लिहिले होते. अरबी जाणणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी ते वाचून शांतपणे विचारले, ‘यांनी कारखान्यात चोरी केली होती का?’ तो कागद पुन्हा टंकलिखित करावा लागला आणि स्टॅम्पपेपरचा खर्च मी माझ्या खिशातून भरला.

दुसरे क्रियापद ‘सद्दक’, वर्तमानकाळी ‘युसद्दिकु’. यातला ‘स’ जड आहे. जिभेचा मागचा भाग उचलून तो भरीव करावा लागतो, आणि शेवटचा ‘क’ घशातून येतो. देवनागरीत हे दाखवता येत नाही, म्हणून ऐकूनच शिकावे. धातू सत्याचा आहे आणि मित्रासाठी असलेला ‘सदीक’ हा शब्दही त्याच धातूचा. याचेही सगळे तंत्र ‘अला’वर अवलंबून आहे, पण उलट्या रीतीने: ‘अला’ असले तर कागद प्रमाणित केला, आणि ते गळले तर नुसताच विश्वास ठेवला. ‘सद्दक अल-खबर’ म्हणजे त्याने बातमी खरी मानली. ‘सद्दक अला अल-वसीका’ म्हणजे त्याने दस्त साक्षांकित केला. क्रियेचे नाव ‘तस्दीक’, आणि साक्षांकित प्रतीला ‘नुस्खा मुसद्दका’ म्हणतात. आपल्या ‘खरी नकल’ला जुळणारा शब्दप्रयोग मात्र ‘तिब्क अल-अस्ल’, म्हणजे मुळाबरहुकूम. अधिकाऱ्याने प्रतीवर मारलेल्या शिक्क्याचे भाषांतर करताना मी हाच वापरतो, कारण तो अधिकारी प्रत मुळाशी जुळते एवढेच सांगत असतो.

येथे एक फसवा शब्द सांगितला पाहिजे. मराठीत ‘तसदी घेणे’ म्हणतात, तो ‘तस्दीक’चा अपभ्रंश नव्हे. तो डोकेदुखीच्या अर्थाच्या दुसऱ्याच अरबी धातूपासून आला आहे. पदवीचा कागद बडोद्याहून गांधीनगरला, तिथून दिल्लीला आणि मग वकिलातीत नेणाऱ्याला दोन्ही शब्द एकच वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. ही फेरी कोणत्या देशासाठी लागते हे मात्र आधी तपासावे. 1961 च्या हेग करारानुसार चालणारी ‘अपोस्टिल’ची सोय, म्हणजे वकिलातीत न जाता एकाच शिक्क्यावर कागद करारातल्या इतर देशांत ग्राह्य धरण्याची सोय, भारतात 2005 पासून आहे, ओमान, बहरीन आणि 2022 च्या डिसेंबरपासून सौदी अरेबिया हे देशही त्या करारात आहेत, त्यामुळे तिथे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल चालते. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत हे त्यात नसल्यामुळे त्यांच्यासाठी वकिलातीचा शिक्का लागतो, आणि तिथे पोहोचल्यावर त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाचा.

‘वस्सक’ हे तिसरे क्रियापद नोटरीच्या कामासाठी आहे. नोटरीला ‘कातिब अल-अद्ल’, म्हणजे न्यायाचा लेखनिक, म्हणतात. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

चौथे मात्र रोज लागते, आणि त्याला कारण आपला ‘सेल्फ-अटेस्टेड’ हा शब्द आहे. 2014 पासून केंद्र सरकारने राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी अर्जदाराची स्वतःची सही स्वीकारण्यावर भर दिला, आणि स्वसाक्षांकित प्रत घरोघरी पोहोचली. सोय मोठी झाली, पण शब्द तर्काला धरून नाही, कारण स्वतःच्या कागदाला स्वतःच साक्षीदार कसे होणार? अरबीत ‘शहिद’ किंवा ‘सद्दक’ वापरून याचे शब्दशः भाषांतर केले तर वाचणारा गोंधळतो. येथे ‘उकिर्रु’, म्हणजे मी कबूल करतो किंवा जाहीर करतो, हे क्रियापद घ्यावे: ‘उकिर्रु अना अल-मुवक्किअ अदनाह’, खाली सही करणारा मी असे जाहीर करतो की. सही करणारी स्त्री असेल तर ‘अल-मुवक्किआ’ लिहावे. या क्रियापदाचे नाम ‘इकरार’ आहे, आणि आपला ‘एकरार’ तोच आहे. ‘करार’ही त्याच धातूचा. मराठी माणसाला हा शब्द परका वाटू नये.

मुळात बडोद्याच्या मराठीला हे शब्द परके नव्हतेच. सयाजीराव महाराजांच्या काळात 1931 मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला, तो आठ भाषांचा होता, आणि त्यांत इंग्रजी, मराठी, गुजराती यांच्या शेजारी फारसी आणि उर्दूही होत्या. कचेरीत बसलेल्या कारकुनाला एका शब्दाच्या इतक्या बाजू माहीत असाव्यात, ही अपेक्षा आजही अवाजवी वाटत नाही.

आता एक वाक्य हातात घेऊन करून पाहू. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याने लिहिले आहे: ‘वुई अटेस्ट दॅट मिस्टर अमुक वर्क्ड विथ अस अॅज अ फिटर फ्रॉम 2015 टू 2021’. येथे शिक्का असला तरी बोलणारा डोळा आहे, कारण त्या माणसाला सहा वर्षे काम करताना कंपनीने पाहिले आहे, म्हणून ‘शहिद’ निवडावे. कंपनी म्हणजे ‘शरिका’ हा शब्द अरबीत स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘यश्हदु’ न लिहिता ‘तश्हदु’ लिहावे. पुढे ‘की’ जोडण्यासाठी ‘बि-अन्न’ घ्यावे; येथे ‘अला’ला जागा नाही. वाक्य असे होते: ‘तश्हदु अश-शरिका बि-अन्न अस-सय्यिद अमुक कद अमिल लदैहा’, म्हणजे श्री. अमुक यांनी आपल्याकडे काम केले अशी साक्ष कंपनी देते, आणि मग हुद्दा व वर्षे. याच पत्रावर नंतर वाणिज्य मंडळाने शिक्का मारला तर त्या शिक्क्यासाठी क्रियापद बदलून ‘सद्दक’ होईल, आणि पानाच्या वरच्या व खालच्या भागांत एकाच इंग्रजी शब्दासाठी दोन अरबी शब्द दिसतील. कोणी त्याला चूक म्हणाले तरी ते एकसारखे करू नयेत.

टंकलिखित प्रत हातात आल्यावर एक बारीक खूण पाहायची असते. ‘सद्दक’मधल्या ‘द’ला द्वित्व आहे, आणि अरबीत ते अक्षरावर ‘शद्दा’ नावाच्या छोट्या चिन्हाने दाखवतात. चिन्ह गळले तर अक्षरे तीच राहतात, पण शब्द ‘सदक’ असाही वाचता येतो, आणि त्याचा अर्थ ‘तो खरे बोलला’ असा होतो. सरावलेला वाचक संदर्भावरून समजून घेतो. तरीही मी लाल पेन घेऊन तो ‘द’ शोधतो आणि चिन्ह नसेल तर कागद परत पाठवतो.